'फक्त कव्हर बदल': ठाण्यातल्या स्पर्धा परीक्षा क्लासचालकांना खुलं पत्र

सर्व क्लासचालक सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्यानं ओळखतात, नावानं नाही. स्टेशनवरून पश्चिमेला उतरून गोखले रोडकडे निघालं की एका इमारतीच्या जिन्याखाली माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन मशीन, एक कॉम्प्युटर, स्पायरलचं यंत्र आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला दीड माणसाची जागा. तुमच्या नोट्स, टेस्ट सिरीजचे पेपर, 'मोफत मार्गदर्शन शिबिरा'ची पत्रकं, सगळं माझ्याकडून छापून जातं. जून-जुलैचा निम्मा गल्ला तुमच्यावर चालतो. म्हणजे हे पत्र लिहिताना मी बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवतोय, हे मला कळतं. आधी खासगीत सांगून पाहिलं. एकदा नाही, तीनदा. "बघू, पुढच्या आवृत्तीत करू" असं उत्तर आलं. आणि पुढची आवृत्ती कशी निघते, हे माझ्याइतकं जवळून कुणीच पाहत नसेल.

ती अशी निघते. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका क्लासचा मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. सामान्य ज्ञानाच्या नोट्स: राज्यव्यवस्था, विज्ञान, महाराष्ट्राचा भूगोल, चालू घडामोडी. 212 पानं. म्हणाला, "दादा, सरांनी सांगितलंय, फक्त कव्हर बदल. 2023 काढून 2025 टाक, आणि 'सुधारित' जरा मोठं घे. आतलं आहे तसंच राहू दे." मी केलं. 'सुधारित' 18 पॉइंटचं 24 केलं, लाल केलं, खाली पिवळी पट्टी दिली. तीनशे प्रती, पाठपोट, स्पायरलसह. बिल घेतलं. तेव्हा मला काही वाटलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही म्हणाल, हा कोण लागून गेला शहाणा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या तीनशेतली एक प्रत माझ्याकडे परत आली. स्पायरल तुटलं होतं, ते बदलून हवं होतं. आणणारी मुलगी मूळची विक्रमगडची, कळव्याला आत्याकडे राहून तयारी करते. प्रत काउंटरवर ठेवताना तिनं पान 41 उघडलं आणि माझ्यासमोर सरकवलं. 'महाराष्ट्रातील एकूण जिल्हे: 35'. त्याखाली 'ठाणे जिल्हा, तालुके: 15', आणि यादीत विक्रमगड. त्या नावावर तिनं निळ्या पेननं काट मारली होती.

"मी सहावीत होते तेव्हा आमचा जिल्हा वेगळा झाला," ती म्हणाली. "शाळेत पेढे वाटले होते. माझ्या डोमिसाइलवर पालघर आहे." मग जरा थांबून म्हणाली, "दादा, हे मला माहीत होतं म्हणून कळलं. जे मला माहीतच नाही, ते बरोबर छापलंय की चूक, हे मी कसं ओळखायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पानाच्या उजव्या बाजूला एक बारीक उभी काळी रेघ दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. ती रेघ माझीच. 2017 साली मी दुकान टाकलं तेव्हा पहिलं मशीन जुनं घेतलं होतं. त्याच्या ड्रमवर चरा पडला होता आणि त्यातून निघणाऱ्या प्रत्येक पानावर ती रेघ उमटायची. ते मशीन मी कधीच भंगारात घातलं. म्हणजे कुणीतरी माझीच 2017 ची प्रत स्कॅन केली, पेन ड्राइव्हवर घातली आणि माझ्याकडूनच पुन्हा 'सुधारित' म्हणून छापून घेतली. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. म्हणजे 2017 मध्येच ते पान तीन वर्षं शिळं होतं.

ज्या ठाण्यात तुमचे क्लास आहेत, त्याच ठाण्याचा जिल्हा कापला गेला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले. ठाण्याकडे सात राहिले: ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर, अंबरनाथ. कोर्ट नाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन शिपायाला विचारलं असतं तरी कळलं असतं. तुमच्या क्लासपासून चालत दहा मिनिटं.

त्या मुलीची प्रत मी ठेवून घेतली, बदल्यात तिला वाचायला दुकानातली दुसरी दिली. मग तीन रात्री शटर अर्धं ओढून 212 पानं लाल पेननं वाचली. 64 ठिकाणी खुणा झाल्या.

मला कशाला एवढी आग लागली, असं कुणी विचारेल. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं आणि 2011 ते 2016 याच परीक्षांच्या मागे होतो. तुमच्याच रस्त्यावरच्या एका क्लासच्या तिसऱ्या बाकावर. तेव्हाच्या नोट्समध्ये 'मूलभूत कर्तव्ये: 10' असं होतं. मी पाठ केलं, एका परीक्षेत तेच विचारलं, मी दहावर गोल रंगवला. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीनं अकरावं कर्तव्य आलेलं आहे: सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं, हे आईबापांचं किंवा पालकाचं कर्तव्य. माझ्या नोट्स दहा वर्षं मागे होत्या. त्या एका प्रश्नानं माझं आयुष्य बदललं वगैरे मी म्हणणार नाही. त्या वर्षी मी कट-ऑफच्या चांगलाच खाली होतो. पण उत्तरतालिका बघताना जे वाटलं ते विसरलो नाही. अभ्यास केला नाही म्हणून चुकलं तर माणूस स्वतःला शिव्या घालतो. अभ्यास केला म्हणून चुकलं तर कुणाला घालायच्या?

आता तक्रारी. पुढची उदाहरणं एकाच क्लासच्या नोट्समधली नाहीत. खुणा पडल्यावर मी इतरांच्याही प्रती चाळल्या. माझ्याकडे मास्टर कॉपी असतातच.

पहिली तक्रार अर्थात कव्हरची, आणि ती सगळ्यांत मोठी आहे. तुमच्या नोट्सना वय असतं आणि ते मला दिसतं. काही पानं श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधली आहेत, काही आताच्या युनिकोडमधली, काही स्कॅन केलेली वाकडी. झाडाच्या खोडातली वलयं मोजावीत तशी मला त्या पानांतली वर्षं मोजता येतात. एकाच पुस्तकात पान 12 वर केंद्रशासित प्रदेश 7 आहेत, पान 58 वर 9. बरोबर आकडा आहे 8, आणि तो कुठल्याच पानावर नाही. हे कसं झालं असेल तेही सांगतो. 31 ऑक्टोबर 2019 ला जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, म्हणून 7 चे 9 झाले आणि राज्यं 29 ची 28. तेव्हा कुणीतरी जागरूक माणसानं एक पान बदललं. मग 26 जानेवारी 2020 ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले, 9 चे 8 झाले. तोवर तो जागरूक माणूस बहुधा नोकरी सोडून गेला होता.

अशा पानांची नुसती जंत्री देतो, कारण त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. 'लोकसभेत दोन अँग्लो-इंडियन सदस्य राष्ट्रपती नेमतात': जानेवारी 2020 पासून बंद, 104 वी घटनादुरुस्ती. 'नियोजन आयोगाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात': 1 जानेवारी 2015 पासून तिथे नीती आयोग आहे. 'मालमत्तेचा हक्क मूलभूत आहे': तो 1978 च्या 44 व्या दुरुस्तीनं कलम 300 अ मध्ये गेला, आता कायदेशीर हक्क आहे. हे शेवटचं वाचून तर मी उठून पाणी प्यायलो. माझ्या जन्माआधीची दुरुस्ती आहे ती.

आणि 'अभिजात भाषा: 6'. सर, 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीसह पाच भाषांना अभिजात दर्जा दिला. मराठी, पाली, प्राकृत, आसामी, बंगाली. एकूण 11 झाल्या. त्या दिवशी तुमच्यातल्या दोघांनी माझ्याकडून अभिनंदनाचे फलक छापून घेतले होते. ते गोखले रोडवर लागले. नोट्समध्ये मराठी अजून अभिजात झालेली नाही.

दुसरी तक्रार पीएसआयच्या बॅचबद्दल, आणि इथे मला खरंच काळजी वाटते. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. 511 कलमांची 358 झाली. तुमच्या कायद्याच्या नोट्समध्ये खून अजून 302 आहे. नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम 103 मध्ये आहे. तिथे 302 हे कलम धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं शब्द उच्चारण्याचं आहे. फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं. लोक बोलताना अजून पन्नास वर्षं 'चारसोबीस' म्हणतील, म्हणू देत. जमावबंदीचं 144 आता 163 आहे. जुन्या तारखेच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कायद्यानंच चालतात, म्हणून जुनी कलमंही ठाऊक हवीत, हे मान्य. मग दोन रकाने करा, जुनं आणि नवं समोरासमोर. माझ्याकडे टेबल टाकायला अर्धा तास लागेल. पण आज ज्या मुलांना तुम्ही फक्त जुना रकाना पाठ करायला लावताय, त्यातली काही उद्या पोलीस चौकीत ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर बसणार आहेत.

तिसरी तक्रार विज्ञानाची. हा माझा विषय, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. घाईत असाल तर पुढच्या मुद्द्यावर जा.

एका नोट्समध्ये ध्वनीचा हवेतला वेग तीन ठिकाणी आहे: 332, 340 आणि 343 मीटर प्रतिसेकंद. मुलगा गोंधळतो, तुम्हाला विचारतो, तुम्ही म्हणता, "लोकसेवा आयोगाच्या पर्यायात जो असेल तो." खरं म्हणजे तिन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त त्यांच्या शेजारचं तापमान तुम्ही गाळलंय. शून्य अंशाला वेग साधारण 331 ते 332 असतो, 20 अंशाला 343. दर अंशामागे सुमारे 0.6 मीटर वाढतो. मे महिन्यात दुपारी 35 अंशात माझ्या जिन्याखाली तुम्ही "दादा, पेपर झाले का?" अशी हाक मारता, ती माझ्यापर्यंत सेकंदाला 352 मीटर वेगानं येते. एवढं एक वाक्य तिथे असतं तर आकडा पाठ करावा लागला नसता. आणि हल्ली आयोग विचारतो तशी विधानं, 'अ बरोबर, ब चूक, दोन्ही बरोबर, यापैकी नाही', तीही सुटली असती. एका ओळीच्या उत्तरांवर पोसलेलं पोर अशा चार पर्यायांत गुदमरतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा तर 2025 पासून वर्णनात्मक केली आहे. तिथे '343' एवढं लिहून कोण गुण देणार?

तसाच किलोग्रॅम. तुमच्याकडे तो अजून पॅरिसजवळच्या सेव्हर गावात प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलात बंद आहे. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या आकड्यावरून होते. धातूचा तो ठोकळा निवृत्त झाला. रद्दीवाल्याच्या काट्यावर काही फरक पडलेला नाही, तुमच्या जुन्या आवृत्त्या आजही त्याच किलोनं जातात. पण प्रश्न व्याख्येचा विचारतात आणि व्याख्या बदलली आहे.

'आर्यभट्ट उपग्रह श्रीहरिकोटा येथून सोडला.' नाही हो. 19 एप्रिल 1975 ला तो सोव्हिएत युनियनमधल्या कापुस्तिन यारहून, त्यांच्या रॉकेटनं गेला. श्रीहरिकोटाहून आपल्याच रॉकेटनं आपला उपग्रह पहिल्यांदा कक्षेत पोचला तो 18 जुलै 1980 ला, एसएलव्ही-3 नं सोडलेला रोहिणी. या दोन वाक्यांमध्ये पाच वर्षांची मेहनत आहे आणि तुमची एक चुकीची ओळ ती गिळून टाकते. 'चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरले' हेही तसंच. 23 ऑगस्ट 2023 ला ते उतरलं दक्षिण ध्रुवाच्या बाजूच्या प्रदेशात, साधारण 69 अंश दक्षिण अक्षांशावर. ध्रुव 90 अंशांवर असतो, हे तुमच्याच पान 30 वर आहे.

सगळे आकडे चुकलेलेच असतात असंही नाही; काही मोजणीमुळे बदलतात. भारताची किनारपट्टी शाळेत आम्ही 7,516.6 किलोमीटर शिकलो. नव्या मोजणीत ती 11,098.81 किलोमीटर भरली. समुद्र वाढला नाही, जमीनही नाही. आपल्या ठाण्याच्या खाडीसारखे वळसे-वाकडे, फाटे, कोपरे आधी ढोबळ नकाशावर सरळ रेषेत जायचे, ते आता बारकाईनं मोजले. हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिनं लगेच विचारलं, "म्हणजे अजून बारीक मोजलं तर अजून वाढेल?" वाढेल. तुमच्या क्लासमध्ये हा प्रश्न निघायला पाहिजे होता. निघाला झेरॉक्सच्या दुकानात.

खाडीवरून आठवलं. ठाणे स्टेशनच्या ट्रान्सहार्बर फलाटावरून गाडी पकडली की दिघा, ऐरोली, रबाळे. हिवाळ्यात ऐरोलीच्या पुलावरून नजर टाका, चिखलात गुलाबी रेघ दिसते, ते रोहित पक्षी. ही ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातली तिसरी. तुमच्या पर्यावरणाच्या प्रकरणात महाराष्ट्रात एकच रामसर जागा आहे, नांदूर मध्यमेश्वर. म्हणजे ते पान 2020 च्या मध्यावर अडकलंय; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचं नाव लागलं होतं. आणि बेलापूरला आयोगाच्या कार्यालयात जाताना तुम्ही त्याच खाडीच्या कडेनं जाता.

चौथी तक्रार छोटी आहे: ट्रिक, म्हणजे पाठांतरासाठी जुळवलेले शब्द आणि गाणी. ट्रिकला माझा विरोध नाही. तानापिहिनिपाजा मीही अजून म्हणतो, कारण इंद्रधनुष्याचे रंग बदलत नाहीत. पण देशांची, पदाधिकाऱ्यांची, योजनांची जी गाणी तुम्ही करून देता, त्यातला एक जण बदलला की गाणं खोटं ठरतं आणि पोराच्या डोक्यातून ते निघत नाही. गाणं करायचंच तर न बदलणाऱ्या गोष्टीचं करा.

पाचवी, टेस्ट सिरीज. इथे चूक नोट्समध्ये राहत नाही, गुण कापते. एका सराव पेपरात प्रश्न होता: पहिली रेल्वे मुंबईहून ठाण्याला किती किलोमीटर धावली? मुलानं 34 लिहिलं. तुमच्या तालिकेत 32. त्याचे गुण गेले आणि वर वजाबाकी. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली ती गाडी 21 मैल आली. 21 ला 1.609 नं गुणा: 33.8. म्हणून 34. माझ्या दुकानाच्या पलीकडे रस्ता ओलांडला की ते स्टेशन आहे, सर. चार चुकांना एक बरोबर उत्तर जातं असा हिशेब असलेल्या परीक्षेची सवय तुम्ही चुकीच्या तालिकेवर करून घेताय. सराव पेपरातल्या वजाबाकीनं नोकरी जात नाही, खरं आहे. पण पोरगं पुढच्या वेळी बरोबर येणारं उत्तरही सोडून द्यायला लागतं.

यावर तुमच्याकडून जी उत्तरं ऐकली ती इथेच नोंदवतो. एक सर म्हणाले, "आयोगाच्या उत्तरतालिकेत तरी चुका नसतात का?" असतात. पण आयोग पहिली तालिका जाहीर करतो, हरकती मागवतो, पुरावे बघतो, मग अंतिम तालिका लावतो. कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्नच रद्द होतो. तुमच्यापैकी कुणी कधी हरकत मागवली आहे? आणि आयोगाकडे हरकतीला पुरावा जोडावा लागतो. क्लासच्या नोट्सचं पान जोडून कुणी हरकत जिंकल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. हरकतीचे कागदही झेरॉक्सला माझ्याकडेच येतात. त्यात बालभारतीची पुस्तकं असतात, एनसीईआरटीची असतात, राज्याची आर्थिक पाहणी असते, संविधानाची मराठी प्रत असते. यातलं जवळपास सगळं सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतं.

दुसरे सर म्हणाले, "विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून घ्यायला हवं." मग फी कसली? मुरबाड, शहापूर, विक्रमगडहून आलेलं पोर खोलीचं भाडं, डबा, पास आणि तुमची फी भरून इथे राहतं, ते या पडताळणीसाठीच. ज्याला स्वतः पडताळता येतं त्याला तुमची गरज नाही.

एका मॅडमनी मात्र काहीच सबब सांगितली नाही. "लाज वाटते रे," एवढंच म्हणाल्या आणि खुणा केलेल्या पानांची एक प्रत घेऊन गेल्या. त्यांनी मला कधीकाळी शिकवलंय. कुठलंही कलम सांगायच्या आधी मूळ पुस्तक उघडून वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, इथे बघा." असं शिकवणारे अजून आहेत, म्हणून तर पत्र लिहितोय. नाहीतर गपचूप कव्हरं बदलत बसलो असतो.

मागण्या साध्या आहेत.

नोट्सच्या प्रत्येक प्रकरणाखाली, कव्हरवर नाही, 'माहिती अमुक महिना, अमुक साल अखेर' अशी ओळ द्या. बदलणारा आकडा असेल तिथे तर हवीच.

आकड्याशेजारी तो कुठून घेतला ते कंसात लिहा. एक शब्द पुरे. 'पाहणी', 'संविधान', 'बालभारती', काहीही. मुलाला हात घालायला जागा मिळते.

दर तीन महिन्यांनी एक पानी शुद्धिपत्र काढा, वर्गाच्या दारावर लावा आणि ज्यांनी नोट्स विकत घेतल्या त्यांना फुकट द्या. त्या पानाची झेरॉक्स मी फुकट काढून देईन. एका बाजूची. दोन्ही बाजू भरत असतील तर मग आपल्याला बसून बोलायला लागेल.

सराव पेपरांच्या तालिकेवर दोन दिवस हरकती घ्या आणि चुकलेले गुण परत द्या.

या वर्षी 'सुधारित 2025' म्हणून ज्या प्रती गेल्या, त्यांतली चुकीची पानं बदलून द्या. स्पायरल उघडून पान घालून परत लावायचं काम मी करीन, मजुरी घेणार नाही. त्या तीनशे प्रतींच्या बिलातला माझा वाटा समजा.

आणि माझ्याकडून एक: यापुढे 'फक्त कव्हर बदल' हे काम मी घेणार नाही. आतली निदान दहा पानं बदलून आणा, रात्री बारापर्यंत थांबून छापून देईन. स्टेशनजवळ झेरॉक्सची दुकानं पुष्कळ आहेत, रस्ता ओलांडला की दुसरं. तिकडे गेलात तर माझा काही इलाज नाही. खुणा केलेल्या 64 जागांची यादी दुकानाच्या काचेवर लावली आहे, कुठल्या क्लासच्या नोट्स ते न लिहिता. उभं राहून वाचायला पैसे पडत नाहीत. माझीही चूक निघाली तर सांगा, खाली पेन बांधून ठेवलाय.

त्या मुलीची प्रत अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी चारची गाडी पकडून ती घरी जाणार आहे, त्याआधी घेऊन जाईल. बाकी पानं लावून ठेवली आहेत, पान 41 काढून ठेवलंय. शनिवारी तीनपर्यंत तुमच्याकडून नवं आलं तर घालून स्पायरल मारतो, नाहीतर सात तालुके हातानं लिहून देतो.

आपला,
जिन्याखालचा झेरॉक्सवाला
ठाणे पश्चिम